समोरून डावा

सोमवार, ४ मार्च

ताई,

तू मला किल्लीदार नेमलं होतंस? मला?

एका हातात कोणाच्या तरी कवळीचं मेण आहे आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लिहितेय, तेव्हा चुका दिसल्या तर शाळेतल्या बाईंसारखी लाल रेघ मारू नकोस. सकाळी लॅबमध्ये आल्यावर फोन उघडला. मला वाटलं दातांच्या डॉक्टरांचा निरोप असेल, वरच्या जबड्याचं काम त्यांना आज हवं होतं. बघते तर फोनमधल्या ओळखपत्रांच्या पाकिटाचा निरोप. कालच येऊन पडला होता, रविवारी मी फोनला हात लावत नाही म्हणून दिसला नव्हता. ‘तुमच्या बहिणीचा फोन हरवला आहे. त्यांनी तुम्हाला किल्लीदार नेमलं आहे. दुसऱ्या फोनवर पाकीट मागणारी व्यक्ती त्याच आहेत का?’ खाली हो आणि नाही. मी स्टुलावरून उठले, परत बसले, परत उठले. मेणाची वाटी गॅसवर तशीच राहिली, ती करपली. मालक विचारायला आले की कसला वास येतोय, तर त्यांना म्हटलं, माझ्या बहिणीचा.

खरंच, मला काहीच माहीत नव्हतं. पाकीट निघालं तेव्हा सगळ्यांनी घेतलं म्हणून मीही घेतलं. जन्मदाखला, लॅबचा परवाना, घराचा पत्ता सगळं त्यात टाकलं आणि विसरून गेले. त्याच्या सूचना कोण वाचतं? आज वाचल्या. आधी ओळखपत्र हरवलं की कचेरीत जाऊन रांगेत उभं राहायचं. आता कचेरीच नाही, वर कोणी साहेबच नाही. प्रत्येकाचं पाकीट प्रत्येकाकडे. त्याच्या किल्लीचे पाच तुकडे पाच माणसांच्या फोनमध्ये, आणि त्या माणसांना गरज पडेपर्यंत पत्ताही नसतो की आपल्याकडे कोणाचा तरी तुकडा आहे. तिघांनी हो म्हटलं की पाकीट दुसऱ्या फोनवर उघडतं. बाकीचे चौघे कोण ते मला दिसत नाही. इतकंच दिसतं की दोघांनी हो म्हटलं आहे.

म्हणजे तिसरी मी. तुझं सगळं माझ्या अंगठ्यावर अडलंय.

सहा वर्षांत तू एक ओळ पाठवली नाहीस, ताई. जाताना मला उठवलंही नाहीस. माहेरी आली होतीस, मी शेजारच्या खोलीत झोपले होते, माझ्या चपला घालून गेलीस. तुझ्या दारात राहिल्या, माझ्या गेल्या. तुझ्या मला अजून सैल होतात. इतकी वर्षं मी तुला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्यात की त्यांचं एक पुस्तक होईल, आणि त्या सगळ्या काळात माझ्या फोनमध्ये तुझ्या किल्लीचा तुकडा होता! तू मला धरून ठेवलं होतंस आणि मला कळूही दिलं नाहीस. मला रडायला येतंय की राग येतोय तेच कळत नाही. बहुतेक दोन्ही.

हो दाबायला अंगठा नुसता शिवशिवतोय. पण पाकीट म्हणतं, आधी या चौकटीत मागणाऱ्याशी बोला आणि फक्त तुम्हा दोघांना माहीत असेल असं काहीतरी विचारा. ठीक आहे, विचारते. तू जिन्यावरून पडलीस तेव्हा मी तुला एक दात करून दिला होता. कोणता?

एवढं सांग. घरचं सगळं तू पाकीट उघडल्यावर सांगेन. काही गोष्टी अशा चौकटीत लिहायच्या नसतात.

तुझी,
चिमणी


मंगळवार, ५ मार्च

ताई, ताई, ताई!

तुझं उत्तर आलं. ‘वरचा, पुढचा, डावा. लवकर हो म्हण, कामं अडली आहेत.’ अजून तश्शीच आहेस, कामाच्या वेळी दोन शब्द जास्त बोलशील तर शपथ. मी लॅबमध्ये मोठ्याने हसले. थरथरणाऱ्या टेबलावर प्लास्टर ओतत होते, बुडबुडे काढायचं राहिलं आणि साच्यात नाकाएवढं भोक पडलं. आजचा दिवस वाया गेला म्हणून मालक कुरकुरतायत. कुरकुरू देत.

तुला माहीत आहे, तुझा साचा मी टाकला नाही. बाकीच्यांचे आम्ही काही काळ ठेवून फोडून टाकतो, जागा कुठे पुरते? साच्यांवर आम्ही नावं लिहीत नाही, नंबर लिहितो, म्हणजे कोणाची कवळी आहे ते सफाईवाल्याला कळायला नको. तुझ्या साच्यावर नंबरसुद्धा नाही. सगळ्यात वरच्या फळीवर, मागे ठेवलाय. त्या दाताची कॅप बनवताना मी रंगाच्या किती पट्ट्या पालटल्या होत्या, आठवतं? तू म्हणालीस, ‘अगं, लग्नाला उभी राहणार नाहीये मी, झालंय माझं.’ आत्ता उठून तो काढते, फोटो काढून पाठवते, म्हणजे बघशील की मी किती

थांब.

साचा समोर ठेवलाय. तुटका खुंट बरोबर दिसतोय. माझ्या डाव्या हाताला आहे.

माझ्या डाव्या हाताला. पण मी साच्यासमोर बसलेय. साच्याचं तोंड माझ्याकडे आहे. ज्याच्या तोंडातला दात असतो, त्याची बाजू धरायची, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, कारण सगळे इथेच चुकतात. समोर बसून बघणाऱ्याला जो डावीकडे दिसतो, तो त्या माणसाचा उजवा असतो.

ताई, तुझा दात उजवा होता.

तुझ्या तोंडातला दात आहे. रोज सकाळी त्याच्यावरून ब्रश फिरतो. जीभ आपोआप तिथे जाते. कोणत्या बाजूचा हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी तू सांगशील. डावा कोण म्हणेल? ज्याने तो समोरून पाहिला तो. ज्याच्यासमोर तू उभी होतीस किंवा बसली होतीस, आणि ज्याच्या डोळ्यांत तो तसा राहिला.

माझा अंगठा हो वर टेकलेला होता. मी आत्ता हात फोनपासून लांब ठेवून बसलेय, टेबलाला धरून.

तुम्ही कोण आहात?


बुधवार, ६ मार्च

भाऊजी,

‘तुम्ही’ सवयीने लिहितेय. आदर आहे असं समजू नका.

काल रात्री या चौकटीत तुमचं उत्तर आलं: ‘चिमणे, असं काय करतेस, मला फक्त तिच्याशी बोलायचं आहे.’ तोपर्यंत मी माझ्याच मनाला समजावत होते की हा कोणी परका चोर असेल. परका असता तर बरं झालं असतं. मला चिमणी म्हणणारी माणसं जगात तीनच उरली आहेत आणि त्यातली एक आत चहा गाळत होती.

मग मी आईला विचारलं. रविवारी तुम्ही आलात, दर रविवारी येता तसे. मोरीचा नळ गळत होता, तो बसवलात. मी स्वतः चहा केला. चहा पिता पिता तुम्ही खिशातून ताईचा जुना फोन काढलात, कोपरा फुटलेला, तुमच्या घरी तिच्या कपाटात राहून गेलेला, आणि आईला म्हणालात की ताईचा निरोप आलाय, तिचा फोन हरवलाय, मदत हवी आहे. त्या जुन्या फोनवरून मागणी तुम्हीच घातली होती. आईच्या फोनवर विचारणा आली तेव्हा तुम्ही तिला हो कुठे आहे ते बोट धरून दाखवलंत. हे सगळं चाललं होतं आणि मी चार हातांवर, आत स्वयंपाकघरात, बिस्किटं बशीत लावत होते.

आणि दुसरा हो? मी आईला विचारलं, ‘दुसरं कोण असेल गं?’ ती सहज म्हणाली, ‘यांच्या फोनवरही आलं होतं ना. जावयांनी दाबलं.’

भाऊजी, तुम्ही बाबांकडून हो म्हणवलंत. ज्याने बाबांच्या तिरडीला खांदा दिला, त्याचाच हात तो. आई तो फोन रोज चार्जिंगला लावते, त्यात बाबांचा एक निरोप आहे: ‘मी कोपऱ्यावर आलोय, दार उघड.’ तेवढा ऐकते आणि ठेवते. एवढ्यासाठी तो चालू आहे. तुम्हाला हे माहीत होतं. म्हणूनच तुम्हाला तो सापडला.

एक सांगा, तुम्ही उत्तर लिहिलंत तेव्हा डोळ्यांसमोर काय आलं? कारण मला आता दुसरंच काहीतरी दिसतंय. तुम्ही डावखुरे. आई तुमचा कप नेहमी तुमच्या डाव्या हाताला ठेवते, विचारावंही लागत नाही. आणि समोर उभ्या असलेल्या बाईला डाव्या हाताने मारलं तर ते तिच्या उजव्या गालावर लागतं.

तिने जिन्याचं सांगितलं, आणि मी तो दात घासूनपुसून, तिच्या रंगाला रंग जुळवून बसवून दिला. इतका सुंदर की कोणाला काही दिसू नये. तुम्ही तेव्हा माझी किती स्तुती केलीत.

नाही दाबलं की ही चौकट बंद होते, म्हणून आधी हे लिहिलं. आता दाबते. आणि रविवारी येऊ नका. नळ गळला तर गळू दे.


गुरुवार, ७ मार्च

ताई,

हे तरी तुझ्यापर्यंत पोचेल का? नाही दाबलं तर पाकिटाने विचारलं, ‘मूळ मालकाला काही कळवायचं आहे का? त्यांचा फोन चालू असेल तर निरोप फक्त त्यांनाच उघडेल.’ तू आहेस असं धरून लिहितेय. कुठे आहेस ते मला माहीत नाही आणि हा कागद... बघ, कागद म्हणतेय... हा निरोपही मला ते सांगणार नाही. बरं आहे.

भाऊजींनी तुझं पाकीट मागितलंय. तुझ्या जुन्या फोनवरून, फोन हरवला म्हणून. उघडलं असतं तर त्यांना तुझं घर, तुझं काम, आता तू लावत असशील ते नाव, सगळं मिळालं असतं. मला वाटतं तुलाही मागणी दिसत असेल. सूचनांमध्ये लिहिलंय की ज्याच्या हातात फोन आहे तोच चोर असू शकतो, म्हणून त्याला मागणी थांबवता येत नाही, किल्लीदारांनीच ठरवायचं. म्हणजे रविवारी तू कुठेतरी बसून एक हो बघितलास, मग दुसरा बघितलास, आणि कोण देतंय ते तुला दिसत नव्हतं. ताई, तो तिसरा मी देणार होते. गात गात देणार होते.

आता ऐक. तीन नकार पडले की मागणी मरते, आणि तोवर दिलेला हो बदलता येतो. पहिला माझा. मग मी लॅबमधून तुझा साचा घरी आणून आईपुढे ठेवला. म्हटलं, ‘आई, ताईचा कोणता दात तुटला होता?’

‘डावा ना,’ आई म्हणाली. समोरून बघूनच म्हणाली.

मी साचा उचलून माझ्या तोंडाशी धरला, बाहेर तोंड करून, आणि तिच्यासमोर उभी राहिले. मग भाऊजींचा कप घेतला आणि तिच्या डाव्या हाताशी ठेवला. मला वाटलं ती विचारेल, हे काय चाललंय. ती कपाकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘मला माहीत होतं.’

मी खालीच बसले. ‘काय माहीत होतं?’

‘जिना नव्हता तो. जिन्याला दोष द्यायला बरं पडतं, जिना काही बोलत नाही.’

‘आणि तरी तू हो दाबलंस?’

‘मला ती बघायचीय गं,’ आई म्हणाली. ‘एकदा. कशीही. कोणाच्याही हातून. तो म्हणाला, पत्ता मिळाला की मलाही नेईल. मी म्हातारी झाले, तुमची ती फोनमधली पाकिटं तुमच्यापाशी. मला माझी पोरगी बघायचीय.’

मी तिच्यावर ओरडले, ताई. इतकी ओरडले की शेजारच्यांनी भिंत वाजवली. ती रडली नाही. पदराने कप पुसला आणि आत ठेवून दिला, मागच्या रांगेत. मग फोन पुढे केला आणि म्हणाली, ‘कुठे दाबायचं?’

तो दुसरा नकार.

तिसऱ्यासाठी तिने बाबांचा फोन आणला. तुला कसं सांगू, तुला अजून माहीतच नाही. बाबा गेले, ताई. तू गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी. झोपेत गेले, त्रास झाला नाही. तुला कळवायला पत्ता नव्हता. तू त्यांना किल्लीदार ठेवलंस ते जिवंत समजूनच ठेवलंस, हे बुधवारी माझ्या लक्षात आलं आणि मी लॅबच्या मोरीत नळ सोडून उभी राहिले. इतक्या वर्षांनी त्यांच्यासाठी परत पहिल्यापासून रडले, या वेळी तुझ्या वाटचं.

आईने त्यांचा फोन उघडला. पडद्यावर बोटाने काढायची ती नक्षी तिला पाठ आहे. आधी तो निरोप ऐकला: मी कोपऱ्यावर आलोय, दार उघड. मग पाकीट उघडलं आणि नाही वर बोट ठेवून मला विचारलं, ‘यांनी नाहीच म्हटलं असतं ना?’

‘हो,’ मी म्हटलं.

‘मग त्यांचंच आहे हे,’ म्हणाली आणि दाबलं. मागणी मेली. आमच्या तिन्ही फोनवर एकदम तसं आलं. बाबांच्याही.

आता मुद्द्याचं, आणि हे मला लिहायला अजिबात आवडत नाहीये. तू पाच माणसं जीव लावून निवडलीस, आणि त्यातल्या तिघांचे फोन एका घरात, एका चहाच्या टेबलावर असतात. त्या टेबलाशी जो बसेल त्याला तुझी किल्ली मिळते. तुझं चुकलं नाही, आपलं माणूस म्हटलं की हीच आठवणार. पण आम्हाला काढ. आईला काढ, बाबांना काढ. मलाही काढ. आज तो मला फसवता फसवता राहिलाय, उद्या आईचं मन परत पालटेल, परवा मला तुझी इतकी आठवण येईल की मी डोळे मिटून हो दाबेन. तुझी मी खात्री देऊ शकते, माझी नाही. तुझ्या कामावरची कोणी असेल, शेजारीण असेल, जी आम्हाला ओळखत नाही, तिला नेम. उरलेले दोघे कोण ते मला कळलेलं नाही. कळायलाही नको.

मला काढलंस की हा निरोपाचा रस्ताही बंद होईल. वाचलंय मी. तरीही काढ.

एकच विचारायचंय आणि तेही तू असशील तर. कोणता दात?

आणि दुसरं, याचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. इतकी वर्षं आम्हाला काढायला विसरलीस, की तुला काढवलं नाही?

तुझी,
चिमणी


सोमवार, ११ मार्च

ताई,

हे कागदावर लिहितेय, कारण पाठवायला जागा उरली नाही. तुझ्या साच्याच्या डब्यात ठेवेन.

काल रविवार होता. सकाळी बेल वाजली, मग परत वाजली. आई भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. मी उठायला लागले तर माझा हात धरला. थोड्या वेळाने जिन्यावरून पावलं उतरत गेली. आईने हात सोडला तेव्हा माझ्या मनगटावर वळ उठले होते. तिच्या बोटांत इतका जोर आहे हे मला माहीत नव्हतं.

आज दुपारी पाकिटाचा निरोप आला. ‘या पाकिटाच्या मालकाने किल्लीदार बदलले आहेत. तुमच्याकडचा तुकडा आता निरुपयोगी आहे. मालकाचा शेवटचा निरोप खाली आहे, तो एकदाच उघडेल.’

मी लॅबमध्ये उघडला नाही. हातातली कवळी होती तशी ठेवली, मालकांना काय सांगितलं ते आठवत नाही, धावत घरी आले आणि आईच्या शेजारी बसून उघडला.

‘उजवा. काढवलं नाही.’

वाचलं तोवर गेलं. नुसती पांढरी चौकट राहिली. मी ओरडले की आईने फोन हिसकावून घेतला तेच कळत नाही, पण फोन तिच्या हातात होता आणि ती पडद्यावर बोट घासत होती, जणू खाली काही असेल.

‘काय होतं? नीट सांग.’

सांगितलं.

‘म्हणजे आता परत काही येणार नाही?’

‘नाही.’

‘आणि आता काढलं आपल्याला?’

‘मीच सांगितलं तिला काढायला.’

मला वाटलं आता ती मला मारेल. मारायलाही हवं होतं. तिने फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, ‘जिवंत आहे पण. स्वतः लिहिलं ना तिने?’

‘स्वतःच. माझा प्रश्न फक्त तिलाच उघडणार होता.’

मग तिने तुझा साचा मागितला. मी तिच्या हातात दिला, तोंड तिच्याकडे करून, आपण कोणालाही देतो तसा. तिने तो फिरवला. बाहेर तोंड करून आपल्या तोंडाशी धरला, तुझं तोंड तिच्याच चेहऱ्यावर बसवावं तसा, आणि न बघता, चाचपत चाचपत, तुटक्या खुंटावर बोट ठेवलं.

‘उजवा,’ आई म्हणाली.